कोपरापासून वीतभर खाली

"आठ बाय चारच्या दोन शीट द्या, अठरा एमएम," काउंटरवरचा उंच मुलगा म्हणाला आणि शेजारी लॅमिनेटचे नमुने चाळणाऱ्या रुचिताच्या तोंडून निघून गेलं, "चिरणार कुठे?"

कल्याणच्या त्या प्लायवूडच्या दुकानात मध्ये बोलायचं तिला काहीच कारण नव्हतं. पण ठाण्याच्या एका कंपनीत ती दिवसभर लोकांची स्वयंपाकघरं आखायची. तिला राहवलं नाही.

"घरीच. गॅरेजमध्ये वर्कशॉप करतोय, लाकूडकामाचं. दहा बाय अठरा आहे."

"आणि करवतीचं मशीन?"

"भिंतीला लावून."

"मग शीट काय भिंतीतून शेजाऱ्यांकडे जाणार?"

दुकानदार फिस्सकन हसला. मुलगा कानापर्यंत लाल झाला.

"आठ फुटांच्या शीटला मशीनच्या अलीकडे आठ फूट लागतात आणि पलीकडेही आठ फूट," रुचिता जरा मवाळ होत म्हणाली. "मशीन मधोमध ठेवा, शटरकडे तोंड करून. कमी पडलं तर शटर उघडायचं."

"तुम्ही... एकदा येऊन बघाल? रविवारी?" आणि मग घाईघाईने, "आई असते घरी."

त्याचं नाव ऋतुराज. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या निवासी भागात त्यांचा छोटा बंगला होता. गाडी विकल्यापासून गॅरेज रिकामं. पहिल्या रविवारी दोघांनी जमिनीवर खडूने पूर्ण मापाचा नकाशा काढला. मशीनऐवजी पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून ते इकडून तिकडे सरकवले. मधोमध करवत, डाव्या भिंतीला लाकडाचं कपाट, खिडकीखाली कामाचं टेबल.

"टेबलाची उंची?" त्याने विचारलं.

"हात कोपरात दुमडा. असा." तिने टेप जमिनीला टेकवून त्याच्या कोपरापर्यंत नेला. त्याच्या बाहीला साबणाचा वास होता. "पंचेचाळीस. कोपरापासून वीतभर खाली टेबल हवं. म्हणजे छत्तीस इंच."

"वीत कुणाची? तुमची की माझी?"

"माझी. आखणी मी करतेय."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने सगळा नकाशा पक्का करून टाकला. तारीख घातली, घडी केली, पर्समध्ये ठेवला. आणि दिला नाही.

कारण नकाशा संपला की रविवार संपणार होते. विठ्ठलवाडीच्या दोन खोल्यांत आई, बाबा, भाऊ आणि ती. तिथे रुचिताला साधा एक लाकडी डबा करून बघायचा म्हटलं तरी जागा नव्हती. "दिवसभर ड्रॉवर काढते कागदावर," ती ऋतुराजला एकदा म्हणाली होती, "पण आजवर एकही हाताने केला नाही रे, साधा डबासुद्धा नाही." तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. कधी झालं, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

तिच्या सुदैवाने ऋतुराज दर रविवारी काहीतरी चुकवून ठेवायचा. एकदा कपाट प्लगच्या बरोबर पुढ्यात आलं. एकदा आतल्या दाराचं पान आपटेल असं टेबल आखलेलं. एकदा करवतीचा पुठ्ठा पुन्हा भिंतीला!

"अरे, काय हे! परवाच तर सांगितलेलं."

"सॉरी. माझं ना मापाचं डोकंच नाही."

"दिसतंय ते."

पाचव्या रविवारी ती पोचली तेव्हा ऋतुराज कोपऱ्यावर खडू आणायला गेला होता. त्याची आई, उत्तराकाकू, चहा घेऊन आल्या.

"काकू, ऋतुराज मापात लहानपणापासूनच असा कच्चा का हो?" रुचिताने सहज विचारलं. "इथे तर एक माप धड नसतं."

काकू चहा ओतता ओतता थांबल्या. "ऋतुराज मापात चुकतो? अगं, कोलशेतच्या कारखान्यात तो तपासणीवर आहे. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवतो. दुसऱ्यांच्या चुका पकडण्याचा पगार घेतो तो!"

रुचिताने कप खाली ठेवला. मग हळूच गॅरेजमध्ये गेली.

आज जमिनीवर सगळं बिनचूक होतं. फक्त खिडकीखालच्या मोठ्या टेबलाशेजारी एक नवा चौकोन आखला होता. आत लिहिलं होतं — उंची तीस.

"बघितलंस?" दारात ऋतुराज उभा होता, हातात खडूचा डबा.

"बघितलं. आणि काकूंकडून ऐकलंही." तिने हाताची घडी घातली. "प्लग, दार, करवत... सगळं मुद्दाम?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "पहिली करवत सोडून. दुकानातली. तेव्हा खरंच अक्कल नव्हती." मग खडूचा डबा खाली ठेवत म्हणाला, "चुकलं नसतं तर तू कशाला आली असतीस?"

पर्स उघडून तिने घडी घातलेला कागद त्याच्या हातात दिला. त्याने नकाशा बघितला, मग खालची तारीख.

"हा तर... पहिल्याच सोमवारचा आहे!"

"हो."

"म्हणजे चार रविवार तू—"

"मला आधी सांग," ती घाईने म्हणाली, कारण आता तिचेच कान तापले होते, "हे तीस इंच कुणासाठी? तू इथे कमरेत मोडशील."

"माझ्यासाठी नाहीच ते." त्याचा आवाज एकदम खाली गेला. "तुझा लाकडी डबा व्हायचाय ना अजून. डबा, ड्रॉवर... पुढे जे काही करशील ते. नेहमीसाठी, रुचिता. तू हो म्हणालीस तर..."

बाहेर काकूंनी उगाचच नळ सोडला.

"तीस चूक आहे," रुचिता म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... नाही?"

"म्हणजे माप चूक आहे. कुठून आणलंस?"

"अंदाजाने. मोजू का, असं विचारायची हिंमत झाली नाही."

"आणि म्हणे तपासणीवर!" तिने कोपऱ्यातला टेप उचलून त्याच्या हातात दिला, चपला काढल्या, त्या छोट्या चौकोनात जाऊन उभी राहिली आणि हात कोपरात दुमडला.

"घे आता मोजून. सावकाश घे... मला घाई नाही."