दुखीराम पंडितांचा चेहरा

“बुबुन, शिडी धर म्हटलं की नुसती धरायची! तिच्यावर चढायचं नाही!” नोंटूमामा वरून ओरडला.

“मी चढत नाहीये, मामा. पाय भाजतायत म्हणून एकेक पाय वर घेतोय!”

मामाची मुलगी चुमकी खो खो हसली. कोयेलला मात्र हसायचाही कंटाळा आला होता. टायफॉइडमधून उठून तिला महिना झाला होता. मोकळी हवा मिळेल म्हणून आईने तिला आणि धाकट्या बुबुनला सुट्टीत शालडांग्याला मामाकडे धाडलं होतं. पण बंगालमधल्या बांकुड्यात ज्येष्ठ महिन्यात हवा असते कुठे? असते ती नुसती आग! कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून बसायचं आणि मामाला रंगाचे डबे द्यायचे, एवढ्यानेही तिचे हात गळून जात.

मामा पाट्या रंगवायचा. गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर जिल्ह्यातल्या नऊ थोर माणसांची चित्रं काढायचं काम त्याला मिळालं होतं. उद्घाटन रविवारी होतं आणि आज गुरुवार. आठ चेहरे झाले होते. मामाचा खांदा असा धरला होता, की भात कालवतानाही तो कण्हायचा.

“नववे कोण?” त्याने विचारलं.

कोयेलने मांडीवरची तसबीर उचलली. खाली लिहिलं होतं, ‘दुखीराम पंडित. बाऊरी जातीच्या मुलांसाठी या भागातली पहिली पाठशाळा काढणारे. मृत्यू १९४६.’ शाल पांघरलेले, भरघोस दाढीचे एक गृहस्थ खुर्चीत ऐटीत बसले होते. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती तसबिरीकडे बघत राहिली. गृहस्थांच्या मागे खिडकी होती आणि खिडकीबाहेर...

“मामा, १९४६ साली इथे वीज होती?”

“शेहेचाळीस साली? अगं, आत्ता तरी कुठे असते?”

“मग हा विजेचा खांब कसा? तारासुद्धा दिसतायत!”

चुमकी धावत आली. बुबुनने शिडी सोडली आणि वर मामाने देवाचा धावा केला!

तिघं तडक वाचनालयाचे चिटणीस बिमलबाबू यांच्या ओसरीवर गेली. बिमलबाबू नुसत्या बनियनमध्ये बसून पंख्याने वारा घेत होते. त्यांनी तसबिरीकडे नीट पाहिलंही नाही.

“दाढी आहे ना? शाल आहे ना? मग पंडितच! चाळीस वर्षं हार घालतोय आम्ही. जा, ऊन लागेल.”

“यांना ऊन आधीच लागलंय,” बाहेर पडल्यावर चुमकी पुटपुटली. “दीदी, पंडितांची नात आहे ना, पारुलदिदा! आजीच आहे ती आता, कालव्यापलीकडे राहते. तिला विचारू या.”

शुक्रवारी सकाळी दोन सायकली निघाल्या. चुमकीच्या मागे कोयेल बसली होती. कालव्याच्या वाळूत चाकं रुतली, मग साखळी निसटली. शेवटचा अर्धा मैल चालावा लागला. ताडाखाली कोयेल मटकन खाली बसली.

“परत जाऊ या का, दीदी?” बुबुनने घाबरून विचारलं.

“नाही. फक्त बसू दे थोडं.”

पारुलदिदा अंगणात सालवृक्षाच्या पानांच्या पत्रावळी टाचत होती. पंचाहत्तरीची, वाळक्या काटकीसारखी म्हातारी. तसबिरीचं नाव निघालं तरी तिने मान वर केली नाही.

“वाचनालयाच्या समितीला चारदा जाऊन सांगितलं, ते माझे आजोबा नव्हेत म्हणून. म्हणाले, लिहून द्या. शेजारच्या पोराकडून लिहून घेऊन दिलं. म्हणाले, पुरावा आणा. नेला. मग म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. किती पुढची वर्षं बघायची, बाळांनो? सोडून दिलं मी. तुम्हीही सोडा.”

कोयेलने कपाळाचा घाम पुसला. “दिदा, मला फार दम लागलाय. थोडा वेळ इथे टेकू?”

आता कुठे म्हातारीने वर पाहिलं. “अगं, तोंड केवढंसं झालंय तुझं! आधी पाणी पी!”

तिने पाणी दिलं, मुरमुरे, कांदा, मिरची दिली. मुलांचं खाऊन झाल्यावर ती स्वतःच उठली आणि पत्र्याच्या पेटीतून कापडात गुंडाळलेला एक फोटो घेऊन आली. झाडाखाली पाट्या घेऊन बसलेली पंधरावीस मुलं. फळ्याशी उभा असलेला, गुडघ्यापर्यंत धोतर नेसलेला एक माणूस. उघडी, हाडं निघालेली पाठ, वर उचललेला हात आणि अर्धवट लिहिलेलं एक अक्षर.

“हे माझे आजोबा. एक गोरा पाद्री आला होता, त्याने काढला. आजोबांना म्हणाला, इकडे बघा. ते म्हणाले, अक्षर पुरं होऊ दे! त्यांचा एवढाच फोटो आहे. यात चेहरा नाही, म्हणून कुणी घेतला नाही.”

तिघं परत निघाली. कालव्यापाशी कोयेल म्हणाली, “नुसतं सांगून काही होणार नाही. बिमलबाबूंच्याच तोंडून वदवून घ्यायला हवं.”

शनिवारी दुपारी वाचनालयात समितीची बैठक भरली. अध्यक्षांच्या जागी निवृत्त मुख्याध्यापक अनादी मास्टरमशाय डोळे मिटून बसले होते. कोयेल वही घेऊन आत गेली.

“काका, मामाला चित्राखाली मजकूर लिहायचाय. दुखीराम पंडित कधी वारले?”

“एकोणीसशे शेहेचाळीस! तोंडपाठ आहे मला.”

“आणि शालडांग्यात वीज तुमच्या बाबांनी आणली ना?”

बिमलबाबूंची छाती फुगली. “अर्थात! चौसष्ट साली! त्याआधी इथे एक खांब नव्हता की एक तार नव्हती. सगळ्या तालुक्याला विचार!”

“मग पंडितांच्या खिडकीबाहेर हे काय आहे?” चुमकीने तसबीर टेबलावर ठेवली.

सगळ्यांच्या माना खाली वाकल्या. बिमलबाबूंनी तसबीर जवळ ओढली.

“ते... ते ताडाचं झाड असेल.”

“तारा असलेलं?” बुबुन म्हणाला. “की पंडित मेल्यावर अठरा वर्षांनी फोटो काढायला आले होते?”

“चूप रे! उद्या उद्घाटन आहे! आता काय करता येणार?”

“बिमल, बस खाली.” मास्टरमशायनी डोळे उघडले होते. “हा फोटो मी आणला.”

बिमलबाबू खाली बसले आणि मास्टरमशाय पुढे सांगू लागले.

“तेव्हा मी तरुण शिक्षक होतो. दुसऱ्या दिवशी तसबीर लावायचा समारंभ. तीन दिवस पाठ टेकली नव्हती. पारुल हातात एक फोटो घेऊन आली, उघड्या पाठीचा. मी म्हणालो, थोर माणूस असा दाखवायचा नसतो. स्टुडिओच्या काचेत नमुन्याला लावलेला हा फोटो मागून आणला. हा माणूस कोण, मला आजही माहीत नाही. पुढे दरवर्षी वाटायचं, यंदा सांगू. आणि दरवर्षी हार घालून घरी जायचो.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “नोंटू, अंधार पडायच्या आत होईल?”

“खांदा गेलाय, मास्टरमशाय,” दारातून मामा म्हणाला. “पण होईल.”

“भिंतीवर पाठ काढायची?” बिमलबाबू कळवळले.

“हो, पाठच!”

मास्टरमशाय स्वतः बॅटरीवरच्या टोटो रिक्षात बसून कालव्याकडे गेले. अंगणात काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तो फोटो होता. मुलांनी आळीपाळीने शिडी धरली. कोयेलने बसल्या बसल्या रंग कालवले. दिवस मावळता मावळता फळ्यावरचं अक्षर उमटलं, तसंच अर्धवट.

रविवारी सकाळी पडदा सरला. आठ चेहरे आणि एक पाठ! लोक कुजबुजायला लागले, तेव्हा मास्टरमशायनी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली.

“चाळीस वर्षांत शेकडो माणसं या तसबिरीसमोर उभी राहिली,” ते म्हणाले. “खिडकीबाहेर या एका मुलीने बघितलं. आणि बघून ही तिघं गप्प बसली नाहीत. मी बसलो होतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बुबुन लाजून चुमकीच्या मागे दडला.

पारुलदिदा हळूहळू भिंतीपाशी गेली. रंगवलेल्या खांद्यावर तिने हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग मामाकडे वळून म्हणाली, “थोडे जाड काढलेस रे.”

“खायला घातलं मी त्यांना, दिदा!” मामा म्हणाला आणि म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

त्यानंतर बिमलबाबूंचं भाषण सुरू झालं. पारुलदिदा पहिल्या रांगेत कोयेलच्या शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने बिमलबाबूंनी मोठ्या आवाजात पुकारलं, “आता मी कुमारी कोयेलला विनंती करतो, की तिने दोन शब्द...”

कोयेल दिदाच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली होती.

चुमकी तिला हलवायला निघाली, तसा म्हातारीने तिचा हात धरला.

“झोपू दे तिला,” ती म्हणाली. “भाषणं काय, पुढच्या वर्षीही होतील.”