विदादच्या बैठकीची कॉफी

"वीज गेलीय, जनरेटरवाला आता काही येत नाही, बसा इथेच," अबू निम्र काका म्हणाले. गच्चीवर आम्ही चौघं होतो. "हबीबची गोष्ट सांगतो. शाळेपासूनचा दोस्त माझा. खोटं बोलायचा, पण फक्त बायकोशी."

समोर हॉटेल दिसतंय ना? तिथं वेड्यांचं इस्पितळ होतं, युद्धात बंद पडलेलं. हबीबची थोरली बहीण विदाद तिथेच मेली. बापाने ठरवलेल्या लग्नाला नाही म्हणाली, एवढाच तिचा आजार. गावाला सांगितलं, ब्राझीलला गेली. ना येणाऱ्यांना कडू कॉफी देतात ती शोकाची बैठक, ना भिंतीवर मृत्यूची नोटीस. आईने मरताना हबीबला खरं सांगितलं.

इमारत पाडणार असं कळल्यावर तो निघाला. सप्टेंबरची तेरावी रात्र, क्रूसाच्या सणाची. डोंगराडोंगरावर जाळ पेटलेले. थर्मासमध्ये कडू कॉफी.

"मेलेल्यांना कॉफी पाजायला निघालात," बायको म्हणाली, "जिवंत बायकोला कधी पाजलीत?"

बायकांच्या खोलीत त्याने बॅटरी फिरवली. लोखंडी खाटा. प्रत्येक खाटेमागे भिंतीवर खिळ्याने कोरलेलं एक नाव. विदादचंही सापडलं. तिच्या खाटेजवळ खिडकीत त्याने कप भरून ठेवला.

"घे, ताई."

बॅटरी विझली. बाहेरच्या जाळाच्या उजेडात... खाटेवर कोणीतरी बसलेलं. पाठमोरं.

"मग?" आमच्यातल्या जादने विचारलं.

कपाला हात लावला नाही तिने. मागणं असलेला पाहुणा आपल्याकडे आधी शब्द घेतो, तोवर कॉफीला तोंड लावत नाही. हबीबला ते कळलं.

"तुझी बैठक घालतो. गावात तुझं नाव घेतो."

हात हलला नाही.

मागे पावलं वाजली. अनवाणी. एक... मग बरीच. दारापाशी थांबली.

"...सगळ्यांची?"

हबीबने छातीवर हात ठेवला.

"सगळ्यांची घालतो. शब्द."

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. रिकामा होता.

काकांनी समोरच्या हॉटेलकडे पाहिलं. खाली कुत्रं भुंकलं, गप्प झालं.

हबीब नावं उतरवून आणायला निघाला, तर चुलत्याने अडवलं. "बहिणीपुरतं ठीक आहे. बाकीच्यांची घराणी इथेच आहेत. त्यांच्या मुलींची लग्नं व्हायचीत, वेडा आहेस का?"

हबीबने त्याचं ऐकलं. नोटिशीवर एकच नाव छापलं, विदादचं. बैठकीच्याच दिवशी समोर बुलडोझर चालला. भिंत गेली. नावंही गेली.

चर्चच्या हॉलमध्ये पुढच्या दोन रांगा भरल्या, मागच्या रिकाम्याच. लोक गेले. हबीबने कप धुऊन गाठोड्यात बांधले, हॉलला स्वतः कुलूप लावलं, गाठोडं घरी नेलं.

सकाळी खुर्च्या परत करायला त्यानेच कुलूप उघडलं. मी सोबत होतो.

मागच्या रांगांत... प्रत्येक खुर्चीवर एक कप. कॉफीने भरलेला. गार.

एकालाही कोणी तोंड लावलं नव्हतं.