हिला ऊन दाखवू नका

तिनं कोपरानं दार ढकललं आणि नेमकं त्याच क्षणी पलीकडून कुणीतरी ते ओढलं. व्हायचं तेच झालं. हातातला ट्रे, ट्रेमधली वाळवून, कुटून, चाळून ठेवलेली माती आणि ती स्वतः, सगळं एका दमात बाहेर आलं. ती कशीबशी सावरली. माती मात्र समोरच्या माणसाच्या शर्टावर जाऊन बसली.

"अगंबाई!"

"माझ्याकडे आधीच भरपूर आहे हो," तो शर्टाकडे बघत म्हणाला, "पण तुम्ही एवढ्या प्रेमानं देताय तर..."

खरंच होती त्याच्याकडे. बुटांना चिखल, गुडघ्यापर्यंत चिखल, दोन्ही हातांत ओल्या मातीच्या गच्च बांधलेल्या पिशव्या. आणि केसांत, भुवयांवर पाण्याचे बारीक बारीक थेंब. बाहेर तर लख्ख ऊन पडलं होतं! ती बघतच राहिली. मग आपण बघतोय हे लक्षात आल्यावर तिनं घाईघाईनं कपाळावर आठ्या आणल्या.

"हे पाणी कुठून आणलंत डोक्यावर?"

"डोंगरावरून. वर कायम धुकं असतं."

"आणि इथपर्यंत टिकलं?"

"गाडीची काच वर जात नाही माझ्या," तो ओशाळून म्हणाला.

तिला हसू येत होतं. पण फरशी नुकतीच पुसलेली होती आणि तिच्यावर या गृहस्थाच्या बुटांची नक्षी उमटत चालली होती. तिनं हसू गिळलं आणि पिशव्या टेबलावर ठेवायची जागा बोटानं दाखवली.

ती माती तपासायची. कुठल्याही शेतातली, माळावरची, टेकडीवरची माती तिच्याकडे यायची; ती वाळवायची, कुटायची, चाळायची, पाण्यात ढवळायची आणि सांगायची, हिच्यात वाळू इतकी, बारीक चिकणमाती इतकी. तिचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रयोगशाळेत तिला सगळे लाडानं 'चाळणी' म्हणायचे. लाडानं म्हणजे, ती समोर नसताना. हे नाव तिच्या आईच्या कानावर कसं गेलं कोण जाणे, पण आईला ते फारच पटलं होतं. "आलेलं प्रत्येक स्थळ नाकारतेस," आई म्हणायची, "तुझ्या चाळणीचं भोक दोन मिलिमीटरचं. त्यातून माणूस जायचा कसा?"

आणि हा नकाशेवाला. या भागातल्या मातीचा नवा नकाशा होत होता. कुठली माती कुठे संपते आणि कुठली सुरू होते त्या रेषा काढायचं काम याचं. शिवाय डोंगरमाथ्यावरचं छोटं हवामान केंद्रही तोच सांभाळायचा. त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस ढगातच. पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेनं त्याचं बारसं उरकलं होतं: ढगोजीराव.

"उताराची आणि माथ्याची माती वेगळी आहे, असं माझं म्हणणं आहे," पिशव्या ठेवता ठेवता त्यानं सांगितलं. "खालचा दगड एकच, जुन्या ज्वालामुखीच्या राखेचा. पण माती वेगळी. सगळे म्हणतात, कशाला उगीच नवी रेघ ओढतोस. आता तुम्हीच काय ते ठरवा." मग माथ्याच्या पिशवीवर हलकेच हात ठेवून तो म्हणाला, "फक्त एक विनंती. हिला ऊन दाखवू नका. फार लाजाळू आहे बिचारी."

आणि हसला. गालावर खळी पडली.

झालं! ती मनात म्हणाली. आला आणखी एक लाडे लाडे बोलणारा.

"इथे आलेली प्रत्येक माती वाळते," ती म्हणाली, "लाजाळू असो नाहीतर निर्लज्ज."

त्याच दुपारी तिनं माथ्याची माती गच्चीवर कागदावर पसरली, रखरखीत उन्हात. जरा जास्तच पातळ पसरली, हे खरं.

निकाल आला तो सरळ होता. चिकण जेमतेम, बाकी सगळी वाळूच वाळू. म्हणजे उतारावर होती तशीच. तो निकाल बघून ढगोजीरावाचा चेहरा उतरला.

"असं कसं होईल? हातात घेतली ना, तर साबणासारखी सुळसुळते हो!"

"हात काहीही सांगतो. नळीत तरंगणारा माझा हायड्रोमीटर खोटं बोलत नाही."

"म्हणजे माझा हात खोटारडा?"

"मी तुमच्या हाताची ओळख करून घेतलेली नाही."

"मग घ्या की..." तो बोलून गेला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. ती टेबलावर वाकली आणि पुसून लख्ख केलेली काचेची नळी पुन्हा पुसू लागली.

त्यानंतर त्याला कामं निघू लागली. कधी पावसाचे आकडे द्यायला, कधी तापमानाचे. जे फोनवर सांगता आलं असतं ते सांगायला तो डोंगर उतरून यायचा. दाराशी बूट काढून, मोज्यांवर, चोरपावलांनी. ती म्हणायची, "पुन्हा तुम्ही?" आणि तो म्हणायचा, "मी कुठे, आकडे आलेत. मी नुसता हमाल." ज्या दिवशी तो यायचा नाही त्या दिवशी तिला वाटायचं, आज प्रयोगशाळेत फार उकडतंय. तिला तो आवडायला लागला होता. हे तिला कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच ती त्याच्याशी जास्त फटकून वागत होती. आधी नीट तपासू, मग बघू. घाई कशाला?

मग एका सकाळी तो आला तो आकडे न घेताच.

"सोमवारी नकाशाची बैठक आहे," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तुमच्या निकालावरून माथ्याची रेघ पुसणार. माथ्याला वेगळी माती नाही, तर वरच्या केंद्राचीही गरज नाही. मला समुद्राकडे पाठवतायत. लांब आहे तसं."

"किती लांब?"

"आकडे घेऊन येता येणार नाही, इतकं."

 काय बोलावं? जाऊ नका म्हणावं, तर कोणत्या नात्यानं? आणि निकाल तर तिचाच होता.

"एकदा वर याल?" त्यानं विचारलं. "इतक्या दिवसांत माती तुमच्याकडे आली. तुम्ही तिच्याकडे कधी गेला नाहीत."

ती गेली.

उतारावर ऊन होतं. एका वळणानंतर मात्र कुणीतरी पडदा ओढावा तसं धुकं आलं आणि गाडीच्या न लागणाऱ्या काचेतून थेट आत शिरलं. तिच्या पापण्यांवर थेंब जमले. तो बघत होता. तिनं डोळे वटारले, "समोर बघा!" आणि त्यानं निमूटपणे समोर बघितलं. समोर काहीच दिसत नव्हतं.

माथ्यावर त्यानं खणलेला छातीएवढा खोल खड्डा होता. ती पाय सांभाळत आत उतरली. उतरताना त्यानं हात दिला आणि उतरून झाल्यावर तो परत घ्यायला दोघंही विसरले. मग तिनंच तो सोडवून खड्ड्याच्या भिंतीतून चिमूटभर माती घेतली आणि अंगठ्यानं तळव्यावर चोळली.

माती आधी भुसभुशीत होती. चोळता चोळता एकदम सुळसुळीत झाली, तिच्यातून पाणी सुटलं, अंगठा घसरला. तिनं पुन्हा चोळून बघितलं. एक कण बोचेल तर शपथ! ही वाळू? तिनं तपासली ती माती खरखरीत दाण्यांची होती.

"इथे कोरडा दिवस कधी असतो?" तिनं विचारलं.

"नसतो."

"उन्हाळ्यात?"

"मी इथे आल्यापासून एकदाही नाही. पाऊस नसला तरी धुकं असतं. जमिनीत पुरलेल्या, ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा काटा कधी खाली आलेलाच नाही."

ती तशीच उभी राहिली, हातात माती घेऊन. उतारावरची माती दर उन्हाळ्यात वाळते. ही जन्मात कधी वाळलेली नाही. आणि तिनं काय केलं? गच्चीवर पसरून...

"मी वाळवली हिला," ती हळूच म्हणाली. "म्हणून घट्ट गोळे झाले तिचे. मग पाण्यात कितीही ढवळली तरी ते फुटले नाहीत. मी त्यांनाच वाळू म्हणाले." मग तिला एकदम आठवलं. "तुम्ही सांगितलं होतंत! ऊन दाखवू नका म्हणून!"

"माझ्या गाडीत एक ढेकूळ वाळलं होतं. पाण्यात टाकलं, भिजवलं, कालवलं, पण ते पहिल्यासारखं झालंच नाही. का, ते मला कळलं नाही."

"मग हे असं सरळ सांगायचं ना! लाजाळू काय, बिचारी काय..."

"सरळच सांगणार होतो," तो म्हणाला. "पण तुम्ही समोर होतात. मला सरळ बोलायला... जमेना."

धुक्यात शेजारचा माणूसही अंधूक दिसतो, त्यामुळे कोण किती लाजलं हे कुणालाच कळलं नाही. तिनं पर्समधून जेवणाचा डबा काढला, रिकामा करून पुसला आणि ओल्या मातीनं काठोकाठ भरला. झाकण घट्ट लावून तो मांडीवर घेऊन ती खाली आली. वाटेत दोनदा तिनं झाकण तपासलं.

शनिवारी तिनं दोन उंच नळ्या शेजारी शेजारी मांडल्या. एकीत वाळवलेली माती, दुसरीत डब्यातली, न वाळवलेली, न चाळलेली. ओली माती तिच्या चाळणीतून जाणारच नव्हती. तिनं नुसते खडे वेचून काढले. दोन्ही नळ्या ढवळल्या आणि ती स्टूल ओढून बसली. पहिलीतली माती भराभर तळाशी जाऊन बसली. दुसरी नळी गढूळच राहिली, दुपार उलटली तरी. इतकी बारीक चिकणमाती की खाली बसायचं नावच घेईना. ढगोजीराव भिंतीला टेकून उभा होता. त्याला नळी कमी आणि नळीकडे बघणारीच जास्त दिसत होती.

सोमवारच्या बैठकीत प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे तुझा आधीचा निकाल?"

"चुकला," ती म्हणाली. खोलीत कुजबुज झाली. चाळणीचा निकाल चुकला! तिनं दोन्ही निकाल टेबलावर ठेवले. "आकडा बरोबर होता, पण तो या मातीचा नव्हता. वाळवल्यावर ती दुसरीच माती झाली. तिथली हवा, तिथलं धुकं, तो माथा, यांच्याशिवाय ही माती ओळखताच येत नाही. मी एकटीनं ओळखायला गेले, तिथे चुकले. माथ्याची माती वेगळी आहे. रेघ राहू द्या."

मोठ्या मॅडमनी दोन्ही निकाल शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. मग नकाशावर माथ्याभोवतीच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "राहू दे." आणि जरा थांबून, "केंद्रही राहू दे. नाहीतर हा मुलगा आकडे कुठून आणणार?"

सगळे हसले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं तर!

बाहेर व्हरांड्यात तो तिची वाट बघत उभा होता. तिला बघून सरळ झाला, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. "आज हवा... तशी बरी..." असं काहीतरी पुटपुटला. नेहमीची ती असती तर म्हणाली असती, बरं आहे, येते मी. मग घरी जाऊन आठवडाभर विचार केला असता. महिनाभर. पण डबा भरताना लागलेली ती माती अजून तिच्या नखांत होती.

"थांब," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'थांबा' नाही, 'थांब'. "तुला बोलायला जमणार नाही, म्हणून मीच बोलते. मला तू आवडतोस. हे मी आणखी चार दिवस वाळत ठेवलं ना, तर मग कितीही पाणी घाल..."

"...पहिल्यासारखं होणार नाही," त्यानं वाक्य पुरं केलं. मग तिचा मातकट नखांचा हात दोन्ही हातांत घेऊन, एकही विनोद न करता, तो सरळ म्हणाला, "मलाही. त्या दिवशी ट्रे पडला, तेव्हापासून."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईला मुहूर्त बरोबर साधतो. तिनं हात सोडवला नाही. दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला.

"आई, रविवारी एकाला घरी घेऊन येतेय."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. "म्हणजे... तसा एक?"

"तसाच."

"बाई गं! तुझ्या चाळणीतून गेला तरी कसा?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. चिखलाचे बूट, विस्कटलेले केस, गालावर खळी आणि भुवईवर अजून एक थेंब.

"चाळलाच नाही, आई," ती म्हणाली. "आहे तसा घेतला."

 पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा नेहमीचा सूर लागला.

"बरं. आण. पण पाय पुसून आत यायला सांग त्याला."