पस्तीस गुणांचे डॉक्टर

त्या दुपारी वैद्यजुळणी केंद्राच्या प्रयोगशाळेत शर्वी साळोखे दहा हजार वेळा गरोदर राहणार होती. केंद्राचे जनक यशोधन खाडिलकर यांनी तरी तिला तसं सांगितलं होतं, आणि खाडिलकर सांगतील ते सगळं मिरज शहर खरं मानत असे. शर्वी स्वतः बाहेरच्या खुर्चीवर बसून चिक्की खात होती. गरोदर राहायचं होतं ते तिच्या प्रतिदेहांना.

प्रतिदेह म्हणजे माणसाची गणितातली नक्कल. शर्वीला ल्युपस होता. शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच शरीरावर उलटते असा हा आजार, आणि तिच्या बाबतीत ती फौज मूत्रपिंडांवर उलटली होती. तिचं रक्त, तिची मूत्रपिंडं, तिच्या गोळ्या, तिची झोप हे सगळं यंत्रात उतरवून तिचे दहा हजार प्रतिदेह तयार झाले होते. दुसऱ्या बाजूला होते प्रतिवैद्य. डॉक्टरने आजवर घेतलेल्या प्रत्येक निर्णयावरून त्याचीही नक्कल बनत असे. मग यंत्र प्रत्येक प्रतिवैद्याच्या हाती ते दहा हजार प्रतिदेह सोपवून पाच वर्षं पुढे पळवायचं आणि शेवटी सांगायचं, की कुणाच्या हाती अपाय सर्वांत कमी झाला.

हे उत्तर आधी टक्क्यांत यायचं. लोकांना ते कळेना. तेव्हा खाडिलकरांना युक्ती सुचली, उत्तर छत्तिसात द्यायचं. झालं! मंगळावर माणसं उतरली तरी पत्रिका जुळवल्याशिवाय मुलगी न देणाऱ्या आमच्या समाजाला ही भाषा लगेच समजली. अठराच्या खाली गेलं की जुळत नाही, हेसुद्धा कुणाला शिकवावं लागलं नाही. एवढ्या एका युक्तीवर खाडिलकरांना थोर शास्त्रज्ञ म्हणू लागले, आणि त्यांनीही कुणाला अडवलं नाही.

"पस्तीस!" निकाल हातात नाचवत शर्वीचा नवरा ईशान बाहेर आला. "डॉक्टर कौस्तुभ वाळिंबे. छत्तिसातले पस्तीस."

"अगं बाई," सासूबाईंनी हात जोडले. त्यांचं नाव स्नेहल. एकसष्टी झालेली, मधुमेह, रक्तदाब आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत. "आमच्या लग्नात बावीस जुळले होते, तेवढ्यावर मी सदतीस वर्षं काढली. आता विचार कसला करायचा?"

"आणि सर्वांत खाली कोण आहे?" शर्वीने विचारलं.

"नसीम मुजावर म्हणून कोणी आहेत. एकोणीस. तुला काय करायचंय खालचं बघून?"

शर्वी पूल तपासणारी अभियंता होती. खालून बघणं हाच तिचा धंदा होता. पण त्या दिवशी तीसुद्धा पस्तिसाला भुलली.

वाळिंबेंचा दवाखाना पाहिला की मोठ्या हॉटेलात आल्यासारखं वाटे. ते स्वतः देखणे होते, आवाज मऊ होता, आणि पेशंटच्या तोंडाकडे न बघता गोड बोलण्याची कला त्यांनी चांगलीच कमावली होती.

"मूल ना? होईल की. घाई कसली?" पहिल्याच भेटीत ते म्हणाले. "आजार शांत आहे, गोळ्या लागू पडल्यात. मग आत्ताच कशाला छेडायचं? पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षीही ते तेच म्हणाले, त्यानंतरच्याही दोन्ही वर्षी. प्रत्येक वेळी सोबत एक फुलांचा गुच्छ असे. नाही असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. नाही म्हणायला छाती लागते, आणि वाळिंबेंकडे फक्त कोट होता. शर्वी एकतिशीची चौतिशीला आली. स्नेहलताई शेजारीपाजारी सांगत राहिल्या, की आमच्या सुनेचे डॉक्टर पस्तीस गुणांचे आहेत, सगळं कसं सुरळीत चाललंय. काय चाललंय हे कुणी विचारलं नाही.

चौथा गुच्छ शर्वीने दवाखान्याच्या दारातल्या कचरापेटीत टाकला आणि ती तडक केंद्रावर गेली.

खाडिलकर प्रयोगशाळेत होते. अभियंता बाईला आपलं यंत्र समजावून सांगायला मिळणार म्हणून ते खूष झाले.

"माझे दहा हजार प्रतिदेह वाळिंबेंच्या हाती दिले होते तुम्ही," शर्वी म्हणाली. "त्यातल्या किती जणींना मूल झालं?"

"पस्तीस गुण म्हणजे जवळजवळ सगळ्या जणी सुखरूप राहिल्या."

"ते नाही विचारलं मी. मूल किती जणींना झालं?"

खाडिलकरांनी पडद्यावर आकडे काढले. मग चष्मा पुसला. "दिवस गेले दोनशे ऐंशी जणींना. तेही वाळिंबेंचं न ऐकता, चुकून. त्या सगळ्यांच्या बाबतीत परिणाम... चांगला झाला नाही. बाकीच्या नऊ हजार सातशे वीस जणी उत्तम आहेत."

"त्यांना दिवसच गेले नाहीत."

"गेले नाहीत म्हणूनच उत्तम आहेत. हे बघा, आम्ही गरोदरपणातून होणारा अपाय मोजतो. आई दगावली, अपाय. मूत्रपिंड गेलं, अपाय. बाळ दगावलं किंवा अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, अपाय. मूल न होणं हा काही वैद्यकीय अपाय नाही."

"म्हणजे तुमच्या यंत्रात एक गुण कापला गेला, तो फक्त आई व्हायला निघालेल्या बायकांमुळे."

"गणिताच्या दृष्टीने, हो."

"खाडिलकर साहेब, मी पूल तपासते. ज्या पुलावर कधी गाडीच सोडली नाही तो पूल कोसळत नाही. म्हणून त्याला भक्कम म्हणायचं का?"

खाडिलकर हसले. मोठ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की ती असंच हसतात. "सूत्र समितीने मंजूर केलंय," ते म्हणाले. त्या समितीवर वाळिंबे होते हे सांगायला नकोच.

"आणि मुजावरांकडे? त्यांच्या हाती किती जणींना मूल झालं?"

"आठ हजारांच्या वर. पण त्यातली निम्मी बाळं लवकर जन्मलेली, बऱ्याच आयांचे रक्तदाब चढलेले. म्हणून तर एकोणीस." ते आकडे त्यांनी आधी कधी पाहिलेच नव्हते, कारण खालचे आकडे बघायची त्यांना गरज पडली नव्हती. आता पाहिले तरी त्यांना त्यात काही खटकलं नाही.

डॉक्टर नसीम मुजावर यांचा दवाखाना बाजारपेठेतल्या जिन्यावर होता. बाईंनी शर्वीचे गुण विचारले नाहीत, नाव विचारायच्याही आधी हात पुढे केला. "गोळ्या आणल्यात का? पिशवी द्या इकडं."

शर्वीची हकीकत ऐकता ऐकता एकेक पाकीट उलटं करून त्यांनी बघितलं आणि एक वेगळं ठेवलं. "ही मायकोफेनोलेट. मूल हवंय म्हणून तीन वर्षं डॉक्टरकडं जाताय आणि ही चालूच?"

"आजार हिच्यामुळेच शांत आहे म्हणाले."

"आहे की. पण बाळाला ही घातक आहे. ही चालू असताना दिवस गेलेच, तर गर्भ पडतो नाहीतर व्यंग राहतं. ही बदलायला पाहिजे हे पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट होती." त्यांनी दुसरं पाकीट उचललं. "ही हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. ही मात्र कुणीही सांगू दे, सोडायची नाही."

मग त्यांनी शर्वीच्या देखतच सांगलीच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना फोन लावला आणि अर्धा तास दोघं तिच्याबद्दल भांडले. वाळिंबेंनी तीन वर्षांत एकदाही कुणाला फोन केला नव्हता. फोन ठेवून बाई म्हणाल्या, "गोळी बदलायची. बदलल्यावर सहा महिने आजार शांत राहिला, तर पुढं. नाही राहिला, तर मी तोंडावर सांगणार की नको. दिवस गेल्यावर रक्तदाब चढू शकतो, मूल लवकर काढावं लागू शकतं. मूत्रपिंडावर आलं तर मी आधी तुम्हाला वाचवणार. हे सगळं ऐकून घरी जा, नवऱ्याशी बोला, आणि मग या."

शर्वीला रडू आलं. कोणीतरी तिच्याशी खरं बोललं होतं, आणि तेवढ्याचंच तिला इतकं अप्रूप वाटावं याची तिला चीडही आली.

घरात अर्थात आकाश कोसळलं. "पस्तीस सोडून एकोणीस?" स्नेहलताई चार दिवस जेवल्या नाहीत. म्हणजे सगळ्यांच्या देखत जेवल्या नाहीत. ईशानने कधी नव्हे ते तोंड उघडलं, "आई, पस्तीस गुणांनी तुला नातवंड दिलं का?" त्यावर त्या जेवायला बसल्या.

मुलगी झाली. रक्तदाब चढलाच, आणि मुजावरांनी जवळजवळ महिनाभर आधी बाळ काढलं. ते दोन दिवस काचेच्या पेटीत राहिलं. शर्वीची मूत्रपिंडं ठीक होती. बाळ इवलंसं, लालबुंद आणि कमालीचं रागीट होतं. स्नेहलताईंनी त्याला पहिल्यांदा हातात घेतलं आणि त्या दिवसापासून पस्तीस हा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

यंत्राने मात्र आपलं काम चोख केलं. प्रत्यक्ष निकाल आला की जुळणीचे गुण सुधारायचे, असा नियम होता. मुदतपूर्व प्रसूती, आईचा रक्तदाब, बाळ अतिदक्षतेत: एकोणिसाचे झाले बारा. मुजावरांकडे पेशंट उरलेच होते अकरा. त्यांची सरासरी अठराच्या खाली घसरली आणि केंद्राच्या दर्शनी फलकावर त्यांच्या नावापुढे लाल दिवा लागला. महिन्याभरात सरासरी अठरावर आली नाही, तर त्यांचे सगळे पेशंट काढून वरच्या डॉक्टरांना दिले जाणार होते.

"माझं सोडा," मुजावर शर्वीला म्हणाल्या. "जयसिंगपूरची पोरगी आहे ना, रेश्मा, हृदयाची झडप बदललेली. तिला सातवा लागलाय. ती वाळिंबेंकडं जाणार. त्या माणसानं असली बाळंतीण उभ्या जन्मात सोडवलेली नाही. ती पोरगी जगेल का सांगा मला."

"आधीच माहीत होतं तुम्हाला? माझं बाळ लवकर काढलं तर असं होणार म्हणून?"

"होतं की. मग काय, फलक बघत बसू आणि तुमचा रक्तदाब चढू देऊ?"

शर्वी घरी आली ती धुमसतच. बाळाला थोपटता थोपटता तिने ते सूत्र पुन्हा मनात मांडून पाहिलं. मूल न होणं हा अपाय नाही. जिला दिवस जात नाहीत ती सुखरूप. आणि मग ती एकटीच हसायला लागली.

"आई," तिने सासूबाईंना हाक मारली, "तुम्हाला मधुमेह आहे ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"आणि घरात आणखी एखादं मूल असावं असं वाटतं?"

"वाटतं की! या चिमणीला भाऊ नको?"

"मग केंद्रावर चला. मातृत्व नियोजनात नाव नोंदवायचंय तुमचं. डॉक्टर म्हणून मुजावर निवडायच्या."

स्नेहलताईंना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मात्र त्यांनी पदर खोचला. केंद्रात दोनच प्रश्न होते, जुनाट आजार आहे का आणि मूल हवं आहे का. दोन्हींना त्यांनी ठणकावून हो म्हटलं. यंत्राने त्यांचं वय पाहिलं, दहा हजार प्रतिदेह बनवले, मुजावरांच्या हाती दिले आणि पाच वर्षं पळवले. एकीलाही दिवस गेले नाहीत. अपाय शून्य. छत्तिसातले छत्तीस.

"माझे छत्तीस जुळले!" त्या दारातूनच ओरडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं भजनी मंडळ आलं, मग गल्लीतला योगवर्ग, मग सांगलीहून त्यांच्या नणंदा. गुडघे, दमा, साखर, थायरॉइड असं काही ना काही प्रत्येकीकडे होतंच. आठवड्याभरात मुजावरांची सरासरी एकतीस झाली, महिना संपायच्या आत चौतीस. लाल दिवा विझला. रेश्मा जिथे होती तिथेच राहिली.

खाडिलकरांनी शर्वीला बोलावून घेतलं. खोलीत वाळिंबेही होते, गुच्छाशिवाय.

"हा सरळसरळ पोरखेळ आहे," वाळिंबे कडाडले. मऊ आवाज कुठल्या कुठे गेला होता. "साठ-सत्तर वर्षांच्या बायका! यांना दिवस जाणारच नाहीत. यांना यश म्हणून मोजताच कसं तुम्ही? काढून टाका सगळ्यांना."

"काढा की," शर्वी म्हणाली. "नियम करा, की जिला दिवसच गेले नाहीत तिला मोजायचं नाही. मी आत्ता सही देते."

खाडिलकरांचा हात कळफलकाकडे गेला आणि वाटेतच थांबला. गणित त्यांना येत होतं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

"थांबलात का?" वाळिंबेंनी विचारलं.

"तो नियम सगळ्यांनाच लागू होईल," खाडिलकर हळूच म्हणाले. "या बाईंच्याच जुळणीत तुमच्याकडे उरतील फक्त त्या दोनशे ऐंशी. आणि त्या सगळ्यांना अपाय झालेला आहे. इतरांच्या जुळणीतही तेच. तुमची सरासरी होईल... शून्य."

वाळिंबेंनी पडद्यावरचे आकडे स्वतः पुन्हा मोजून पाहिले. यंत्र मात्र मागे शांतपणे घुमत होतं. त्याने आजवर एकही चूक केली नव्हती. त्याला जे विचारलं होतं त्याचंच उत्तर ते देत आलं होतं.

नियम बदलला नाही. थोर माणसं स्वतःची शोभा करून घेण्यापेक्षा दुसऱ्याचे छत्तीस सहन करतात. पुढच्या महिन्यात केंद्राच्या सभागृहात चौतीस गुणांबद्दल डॉक्टर मुजावर यांचा सत्कार झाला आणि वाळिंबेंच्या हस्ते त्यांना गुच्छ देण्यात आला. मुजावर गेल्याच नाहीत. आदल्या रात्रीपासून त्या रेश्माच्या उशाशी होत्या. त्यांच्या वतीने गुच्छ घेतला तो स्नेहलताईंनी.

रेश्माला मुलगा झाला. बारीक होता, पेटीत ठेवावा लागला. फलकावर चौतिसाचे तेहेतीस झाले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या जिन्यावर रांग होती. सगळ्यात पुढे फिट्स येणारी एक मुलगी नवऱ्यासोबत बसली होती. आत गेल्यावर तिने अभिमानाने सांगितलं, "मॅडम, तेहेतीस गुण बघून आलो तुमच्याकडं."

"कशानं का होईना, आलात ते बरं झालं," मुजावर म्हणाल्या आणि हात पुढे केला. "गोळ्यांची पिशवी द्या इकडं."