माझं पाणी त्याच्या पाठीवर

ए, तो मोबाइल खाली ठेव आणि फक्त ऐक. मध्ये मध्ये 'मग? मग?' करायचं नाही, नाहीतर मी सगळं उलटसुलट सांगत सुटेन. आणि हसायचं नाही. म्हणजे... हस, पण शेवटी.

तर विमानतळ. नववीची सगळी पोरं, पाठीवर स्वतःपेक्षा मोठ्या सॅका, परदेशात डोंगर चढायला निघालेली. अर्ध्यांच्या आया रडतायत, पोरं 'आई, बस ना आता' करतायत. आणि आमच्या मोठ्या बाई, म्हणजे माझी सख्खी आत्या गं, पण शाळेच्या कामात आत्या म्हटलं की तिला ऐकूच येत नाही, मला म्हणाल्या, "डोकी मोजा."

मोजली. एक जास्त.

पुन्हा मोजली. पुन्हा एक जास्त! कमी भरलं तर काय करायचं ते मला माहीत होतं – रडायचं. पण जास्त भरलं तर?

मग दिसला तो... सगळ्यांच्या मागे, फतकल मारून, मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसलेला. डोक्यावर आमच्या पोरांसारखीच टोपी. मी गेले आणि सॅकचा पट्टा धरून त्याला खेचलाच. "ए, कुठल्या तुकडीतला रे तू? ऊठ! रांग कळत नाही?"

त्यानं मान वर केली. मिशी होती गं!

"तुकडी अजून ठरली नाही, बाई," तो अगदी गरीब चेहरा करून म्हणाला. "तुम्ही बसवाल त्या तुकडीत बसतो."

सगळी पोरं खिदळली. धरणी दुभंगली असती तर मी सॅकसकट आत गेले असते.

तो ट्रेकिंग कंपनीचा माणूस होता. आपल्याकडूनच आमच्याबरोबर आलेला. तिथला एक वाटाड्या सगळ्यांच्या पुढे चालणार आणि हा सगळ्यांच्या शेवटी. पोरांनी पहिल्याच दिवशी बारसं उरकलं – पुढचा तो पुढारी, मागचा हा शेपूट.

आता माझी गोम तुला माहीतच आहे. मी शाळेत नवी. खेळाच्या सरांना सोडून आत्यानं मला नेलं, त्यामुळे स्टाफरूममध्ये माझं नाव पडलं होतं – वशिल्याचं तट्टू. तोंडावर नाही हं, पण मी आत शिरले की सगळ्यांना एकदम वह्या तपासायची आठवण व्हायची! चित्रकलेच्या बाई तर म्हणाल्याच, "जपून हं. अर्ध्यातून परत आलीस तरी आम्ही काही म्हणणार नाही." असलं गोड बोलणं! मी तिथेच ठरवलं, माथ्यावर पाय ठेवायचा, फोटो काढायचा आणि स्टाफरूमच्या फळ्यावर डकवायचा. बस्स. मला त्या ट्रिपमधून दुसरं काही नको होतं. खरंच नको होतं!

पण त्यांचा एक नियम होता. जोडीचा. चढताना प्रत्येकाची जोडी, आणि माझं पाणी माझ्या पाठीवर नाही, माझ्या जोडीदाराच्या पाठीवर. त्याचं माझ्या. म्हणजे कोणी शहाणपणा करून एकटं पुढे पळायला नको. तहान लागली की थांबावंच लागतं, दुसऱ्याला हाक मारावीच लागते. काय डोकं आहे ना! पोरांच्या जोड्या लागल्या. आत्याची लागली पुढाऱ्याशी – दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण दिवसभर गप्पा! आणि उरले कोण?

"या, बाई," शेपूट हात पुढे करून म्हणाला. "बाटली द्या. तुकडी ठरली."

आणि मग सुरू झालं. पाऊस तिथे आपल्यासारखा धो धो नाही गं पडत, धुकंच ओलं होऊन गालाला लागतं. पायाखाली खडी, बाजूला गुडघाभर पिवळं गवत, आणि मी सगळ्यांत शेवटी धापा टाकतेय. माझ्यामागे दोन पावलांवर त्याचे बूट. कर्र... कर्र... मी थांबले की तेही थांबायचे.

"पाणी," मी म्हणायची.

"कुणाचं?"

"माझं!"

"ते तर माझ्याकडे आहे."

"मग द्या ना!"

"काय हुकूम सोडता हो! घरीही असंच?"

"घरी माझं पाणी कोणी पळवत नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, "म्हणजे जागा रिकामी आहे."

मी पाणी प्यायला लागले होते, ते नाकात गेलं. तो खोकला थांबेपर्यंत निवांत आभाळ बघत उभा! मेला.

एकदा मी वैतागून म्हणाले, "मी हळू चालते, मला कळतंय. तुम्ही जा पुढे."

"शेपटाला पुढे जाता येत नाही. शेवटचा माणूस थांबला की थांबायचं, बसला की बसायचं, तो हसला की..." तो अडखळला. "वाईट नोकरी नाही."

त्यानंतर खूप वेळ मी मागे बघितलं नाही. पण कानांत नुसतं कर्र... कर्र...

संध्याकाळी मुक्कामाच्या दगडी खोलीत शेगडीवर पोरांचे मोजे वाळत होते – वास विचारू नकोस – तेव्हा मी त्याला ते तट्टूचं सांगून टाकलं. का सांगितलं, देव जाणे. वाटलं, हसेल. तो हसला नाही. मोजा उलटा करत म्हणाला, "तट्टू डोंगर फार छान चढतं. स्टाफरूममधल्यांनी घोडेच बघितलेले दिसतात." मग हळूच, "माथ्यावर तुमचा फोटो मी काढणार."

बघ, आता आलं. माथ्याचा दिवस. आकाश असं स्वच्छ, जणू धुऊन इस्त्री केलेलं! शेवटच्या चढाच्या तोंडाशी आमच्या चिमणीच्या – वर्गातली सगळ्यांत बारकी पोरगी – बुटाचा सोल सुटला. मगरीनं जांभई द्यावी तसा. तिची जोडीदारीण तिच्याबरोबर थांबली. शेपटानं दोरी बांधली, पट्टी गुंडाळली, पण चार पावलांत बूट पुन्हा आ वासून उभा. वर सगळी सुटी खडी. चिमणी रडवेली, "सर, मी जाईन ना!" तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "डोंगर कुठे पळत नाही, चिमणे. पाय मुरगळला तर मात्र मी पळून जाईन." ती हसली. तिघांनी तिथेच खडकापाशी थांबायचं ठरलं.

"तुम्ही जा," तो मला म्हणाला.

"पण जोडी...?"

"आज मोडली. शेपटाला तेवढा अधिकार असतो." मग माझ्याकडे न बघता, "माथा तुमचा आहे, बाई. जा. मागे वळून बघू नका, पाय घसरतो."

मी निघाले. आत्या, पुढारी आणि बाकीची पोरं केव्हाच पुढे गेली होती. वाट सरळ, वर ते दिसत होते आणि खाली... अर्थात वळून बघितलं मी! सतरा वेळा बघितलं! खडकापाशी बसलेला तो ठिपका दर वेळी हात वर करत होता.

आणि मग माथा आला. म्हणजे इथून तुझ्या गच्चीचा जिना आहे ना, तेवढा उरला! पोरं वरून ओरडतायत, "बाई, या ना! बाई, कसलं दिसतंय इथून!" आत्या चक्क हात हलवत होती. आत्या!

मी दम खायला थांबले. तहान लागली होती. सवयीनं मागे न बघताच हात केला, "पाणी."

मागे कोणी नव्हतं. कर्र नाही, काही नाही. नुसता वारा.

अगं, इतका मोठा डोंगर आणि मला एकदम इतकं... रिकामं वाटलं. माझ्या सॅकमध्ये त्याची बाटली होती. प्यायले असते, वर गेले असते, फोटो काढला असता. कोण अडवत होतं?

मी वळले.

पोरं ओरडायला लागली, "बाई, इकडे! इकडे!" आणि मी खाली. आयुष्यात पहिल्यांदा मी भरभर चालले, तेही उलट्या दिशेनं!

मला येताना बघून तो धावत पुढे आला. "काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही... ते... पाणी."

"पाणी?"

"तुमचं पाणी माझ्याकडे राहिलं."

तो माझ्याकडे बघतोय, माथ्याकडे बघतोय, पुन्हा माझ्याकडे. "वेडी आहेस का तू?" – 'तू' म्हणाला गं! – "अगं, माथा समोर होता तुझ्या! या पोरींकडे भरलेल्या बाटल्या आहेत. तुझीसुद्धा आहे माझ्याकडे. मी काय तहानेनं मरणार होतो?"

"माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"पाणी आहे ते. सकाळी मीच भरलं ना सगळ्यांचं."

मी त्याची बाटली पुढे केली. चिमणी हळूच म्हणाली, "बाई, आम्ही तिकडे तोंड करून बसू का?" आणि दोघी खरंच वळून बसल्या, खांदे गदगदतायत नुसते!

"मग का आलीस?" अगदी हळू विचारलं त्यानं.

"वर जाऊन स्टाफरूमला दाखवणार होते मी," मी म्हणाले, "पण ज्याला दाखवावंसं वाटत होतं, तो खाली बसला होता."

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. म्हणाला, "मी कायम शेवटी चालतो. सगळ्यांच्या पाठीच बघतो. आजवर माझ्या दिशेनं कोणी चालत आलं नव्हतं."

मी रडले की हसले, आठवत नाही. दोन्ही असेल.

मग तो एकदम सरळ उभा राहिला. "हे बघ, पोरं घरी पोचेपर्यंत मी यातलं अक्षर बोलणार नाही. कामावर आहे." आणि नाही बोलला! उतरताना सगळा वेळ मागे नुसते ते बूट. पण काय सांगू, कर्र कर्रसुद्धा गुदगुल्या करते गं.

माथ्यावरून आत्या आली. फोटो नाही, काही नाही, आणि मी दात काढून बसलेली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "स्टाफरूमला काय सांगू?"

"सांगा, भाची अर्ध्यातून परत आली."

तिनं चष्म्यावरून आधी मला बघितलं, मग त्याला. "कोणासाठी, तेही सांगू?"

परवा परतलो. विमानतळावर शेवटचं पोर शेवटच्या आईच्या ताब्यात गेलं, आणि शेपूट तडक आत्यासमोर. "बाई, माझं काम संपलं. आता बाईंना नाही, आत्यांना विचारतो. घरी आलो तर चालेल?"

आत्यानं घड्याळ बघितलं, त्याच्या सॅककडे बघितलं. म्हणाली, "आंघोळ करून या."

आज संध्याकाळी येतोय! आई सकाळपासून पडदे बदलतेय, बाबा उगाच गंभीर चेहरा करून आरशासमोर सराव करतायत. आणि उद्या मला स्टाफरूममध्ये जायचंय, त्या फळ्यासमोर, रिकाम्या हातानं. चित्रकलेच्या बाई गोड हसणार, 'आम्ही म्हटलं नव्हतं?' म्हणणार. म्हणू देत! मी पण हसणार. पण तू माझी मैत्रीण ना, तू मला खरं सांग... माथा समोर, एका जिन्यावर, आणि तो खाली. तू असतीस, तर काय केलं असतंस?