पिवळी ओळ

“माझ्या भावाने बाबांचा जीव घेतला,” असं म्हणत तिने टॅब टेबलावर आदळला.

टेबल मावशीचं. धंदा गुप्तहेराचा असला तरी तिला सगळे मावशीच म्हणत. सोबतीला निवृत्त मास्तर, आणि ते नेहमीप्रमाणे एक पाऊल मागे.

टॅबवर इस्पितळाचं संमतिपत्र होतं, उपचार थांबवण्याचं. चांगलं लांबलचक. खाली ‘मान्य’ दाबलेलं, मजकुरात जागोजाग पिवळे पट्टे.

“दादाने महत्त्वाचं तेवढं रंगवलंय. बाबांना टॅब कुठला यायला? मी पोचायच्या आत उरकलं त्याने.”

“तू कधी येणार होतीस?”

“पुढच्या आठवड्यात.” ती घुटमळली. “आधी दोनदा पुढे ढकललं होतं. कामं असतात हो.”

मास्तरांनी टॅब उचलला. अंगठा जरा रेंगाळला आणि एक शब्द पिवळा झाला. “अरेच्चा, माझा हात लागला वाटतं,” ते ओशाळून म्हणाले.

दादा घरी भेटला. “मला ते धड वाचवेना. ‘वेदना’ शब्द शोधला, तेवढंच वाचलं आणि टॅब बाबांना दिला. ते बोट टेकवून वाचणारे. पेपर झाला की बोट काळं, आई साबण घेऊन मागे.”

नर्स म्हणाली, “पेशंटनी अक्षरं मोठी करून मागितली, मी दिली. मुलगा आत-बाहेर करत होता.”

मावशीने भावंडांना समोरासमोर बसवलं.

“महत्त्वाचं रंगवणारा पानाचा आकडा रंगवेल? अर्धाच शब्द? शब्द शोधणारा तर थेट उडी मारतो. इथे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत डाग आहेत. मास्तरांचा अंगठा रेंगाळला तेव्हा काय झालं? हे बोट टेकवून वाचणाऱ्याचे डाग आहेत, पोरी. सगळं बाबांनीच वाचलं. ‘मान्य’ही त्यांनीच दाबलं.”

“त्यांना कळलं नसेल,” ती म्हणाली.

मावशीने नाइलाजाने टॅब पुढे सरकवला. अख्ख्या मजकुरात एकच ओळ सलग पिवळी होती.

‘जवळचे नातेवाईक येईपर्यंत उपचार चालू ठेवता येतील.’

“इथे बोट पुन्हा पुन्हा फिरलंय. मग बाबा पुढे गेले, थेट ‘मान्य’पर्यंत.”

दादाने मान खाली घातली. त्याला हे नवीन नसावं, असं मास्तरांना वाटून गेलं.

“‘मान्य’ तू दाबलं असतंस तर बरं झालं असतं रे,” ती भावाला म्हणाली.

तिने त्या ओळीवर बोट टेकवलं आणि ते तिथेच राहिलं.