लाल खडूचा गोल

"कुणीतरी माझ्या नवऱ्याचं गणित सोडवलं," गंगाकाकू म्हणाल्या. "मला तो माणूस हवाय."

वेदिका भाटकर रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे खाजगी तपासाचं ऑफिस चालवायची. लग्नाआधीच्या चौकशा, आंब्याच्या पेट्यांच्या भानगडी, असलीच कामं जास्त. असली तक्रार ऐकून तिचा मामेभाऊ आणि मदतनीस चिराग हसणारच होता, पण काकूंचे डोळे बघून तो गुपचूप चहा सांगायला गेला.

काकूंचे यजमान मयेकर सर पूर्णगडला घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी घ्यायचे. चार वर्षांपूर्वी शिकवणी संपवून जेवायला बसले आणि भरल्या ताटावरून गेले. फळ्यावर एक गणित अर्धं राहिलं होतं. काकूंनी त्यावर प्लॅस्टिक ताणलं, खोलीला कुलूप घातलं आणि रोज सकाळी फळ्यापुढे दिवा लावला.

"अर्धं होतं, म्हणून वाटायचं, येतील पुरं करायला," काकू म्हणाल्या. "वेड म्हण हवं तर. आता ते गणितही संपलं. लेक सलोनी मुंबईला चल म्हणत्येय, तर जाते. इथे कुणासाठी राहू?"

दुपारी दोघं काकूंबरोबर पूर्णगडला पोचले. फळ्यावर सरांचं टपोरं अक्षर होतं :

एक टाकी पहिला नळ ६ तासांत भरतो, दुसरा ३ तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल?
एका तासात : १/६ + १/३ = २/९
म्हणून लागणारा वेळ =

पुढची जागा कालपर्यंत कोरी होती. आता २/९ भोवती लाल खडूचा गोल होता, पुसट, मधेमधे तुटलेला. खाली पांढऱ्या खडूने ठसठशीत लिहिलं होतं : १/६ + २/६ = ३/६ = १/२. एका तासात अर्धी टाकी, म्हणून दोन तास. ताळा : दोन तासांत पहिला नळ १/३, दुसरा २/३. मिळून पूर्ण टाकी.

"पण सरांचं बरोबरच होतं की," चिराग म्हणाला. "वर एक आणि एक दोन, खाली सहा आणि तीन नऊ."

"म्हणजे वेळ लागणार नऊ भागिले दोन, साडेचार तास. दुसरा नळ एकटा तीन तासांत टाकी भरतो. पहिला मदतीला आल्यावर उशीर कसा होईल? पहिला नळ म्हणजे काय तू आहेस?"

वेदिकाने टेबलाचा खण उघडला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली खडूची पेटी होती. सगळे पांढरे, कोरडे.

"लाल खडू?"

"एकच असायचा, यांच्या खिशात," काकू म्हणाल्या. "गेले तेव्हा चष्म्याबरोबर तो ठेवायला शोधला. मिळाला नाही."

कुलूप शाबूत होतं. दाराच्या चौकटीवर फट होती, तिथे दुसरी किल्ली. शिकवणीची मुलं ती काढून खोली उघडायची.

सलोनी कालच मुंबईहून आली होती. लपवाछपवी तिला जमत नव्हती. "त्या फळ्याने आईला बांधून ठेवलंय. मी तो पुसला असता ताई, पण गणित? बाबांचं एक गणित मला कधी सुटलं नाही."

सर्वेश सरांचा शाळेतला जुना विद्यार्थी, शिकवणीला कधी न आलेला; आता रत्नागिरीत त्याचे मोठे क्लासेस. तो फोनवर म्हणाला, "फळा मी माझ्या क्लाससाठी मागितला होता. चूक दिसल्यावर लाज वाटली. म्हटलं, काकू, तेवढं दुरुस्त करून घेऊ, नाहीतर लोक म्हणतील सरांना अपूर्णांक येत नव्हते. काकू भडकल्या."

शेवटच्या तुकडीतली गावात उरलेली एकटी मनस्वी. तिचे बाबा होडीवर जातात. ती उद्या दापोलीला कृषी कॉलेजात निघाली होती. अंगणात कपडे घडी घालता घालता बोलत होती.

"सर मुद्दाम एक चूक पेरायचे. ज्याची पाळी, त्याच्या हातात लाल खडू. चूक सापडली की गोल करायचा आणि खाली नीट सोडवायचं. मग सर तो खडू परत घेऊन बरोबरची खूण करायचे. ती फक्त सरांनीच करायची."

"शेवटच्या दिवशी पाळी कुणाची होती?"

"आठवत नाही," मनस्वी म्हणाली. मग हळूच विचारलं, "काकूंनी ते पुसलं नाही ना?"

संध्याकाळच्या आत वेदिकाने सगळ्यांना फळ्यासमोर बसवलं. सर्वेशही गाडी काढून आला होता.

"फळा नको असलेला माणूस तो पुसतो, सोडवत बसत नाही. म्हणून सलोनी नाही. ज्याला चुकीची लाज वाटते तो चूक खोडतो, तिला गोल करून मिरवत नाही. म्हणून सर्वेश नाही. इथे सरांचं एक अक्षर हललेलं नाही. चूक मुद्दाम पेरलेली आहे हे ज्याला ठाऊक होतं, त्यानेच हे केलं. म्हणजे शिकवणीतलं कुणीतरी, ज्याला किल्लीची फट माहीत होती."

"पण कोण?" चिरागने विचारलं.

"पांढरी अक्षरं ठसठशीत, लाल गोल पुसट. खडू सर्दावला की असा ओरखडतो. तो नवा आणलेला नाही, कितीतरी पावसाळे कुणीतरी जपलाय. सरांच्या खिशात तो नव्हता, कारण त्या दिवशी ज्याची पाळी होती त्याच्याकडून तो परत घ्यायचा राहिला. मनस्वी, तुला शिकवणीतलं सगळं आठवतं. तेवढी पाळीच कशी आठवत नाही गो?"

मनस्वीने पर्समधून लाल खडूचा तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"मला सापडेना काकू. सर म्हणाले, घाई नको, खडू ने घरी, उद्या सांग. घाटीच्या पायऱ्या उतरताना लगेच सापडलं. रात्रभर झोप नाही, कधी एकदा सांगते असं झालं होतं. आणि सकाळी..." तिने खडू काकूंकडे सरकवला. "तुम्ही फळ्याला हात लावू दिला नसतात. उद्या जायचं होतं. सरांना सांगितल्याशिवाय जाववेना."

काकूंनी फळ्याकडे पाहिलं.

"म्हणजे ते माझ्यासाठी थांबले नव्हते," त्या म्हणाल्या. "तुझ्या उत्तरासाठी थांबले होते. आणि मी दाराला कुलूप लावून बसले."

त्या उठल्या. लाल खडू उचलला.

"खूण कशी करायचे गो ते?"

"शेपूट लांब असायचं. पार फळ्याच्या टोकापर्यंत."

काकूंनी उत्तरापुढे खूण केली. शेपूट पार टोकापर्यंत नेलं. मग पदराने डोळे पुसले.

"आई, मुंबईचं काय मग?" सलोनीने विचारलं.

"येईन चार दिवस," काकू म्हणाल्या आणि मनस्वीकडे वळल्या. "सुट्टीत आलीस की गावातल्या पोरांना घेऊन ये. फळा पुसून ठेवते."